कुलूप पलूसला, किल्ली पाटणला

बालमित्रांनो, आणि मुलांच्या आधी हे पान वाचून टाकणाऱ्या आई-बाबांनो,

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यातून एक चांगलंच जाडजूड पाकीट निघालं. आत चार पानी पत्र, दोन आकृत्या आणि संगणकाच्या पडद्याचे तीन छापील फोटो. पाठवणारी आहे आठवीतली एक मुलगी. पलूस तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठावरच्या गावात राहते. तिचा मामेभाऊ नववीत, तो पाटणला. म्हणजे एक जण सांगली जिल्ह्यात, दुसरा सातारा जिल्ह्यात. या बहीणभावांनी मिळून एक झकास उद्योग मांडलाय. तिच्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे आणि त्याला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक जोडलेला आहे. पावसाचं पाणी एका छोट्या पळीत साठतं, पळी भरली की कलंडते, आणि ती किती वेळा कलंडली याची नोंद हा संगणक ठेवतो. तसंच यंत्र पाटणच्या शाळेतही लावायचं आहे. मग तिने घरी बसून पाटणचा पाऊस बघायचा आणि त्याने पलूसचा.

"बाई, आमच्याकडे ऊन असतं तेव्हासुद्धा पूर येतो," असं तिने लिहिलंय. अगदी खरं आहे! पाऊस कोसळतो तो तिकडे कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पलूसवरून पुढे सांगलीला जातं. सांगलीला आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा. तिथे पाण्याची उंची मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा आपली ही वाचक पहिलीत-बिहिलीत असेल, पण रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडल्याचं तिला आठवतं. त्यामुळे 'वर किती पाऊस पडला' हा तिच्यासाठी भूगोलाच्या पेपरातला प्रश्न नाही. जलसंपदा खात्याने कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांत आपोआप मोजणारी आणि आकडे दूरवर पाठवणारी यंत्रं बसवलेली आहेतच. हे झालं त्याचंच छोटं, शाळकरी भावंड.

तर हा उद्योग अडलाय कुठे? एका किल्लीपाशी! ही किल्ली लोखंडाची नाही, अक्षरांची आहे.

दूरच्या संगणकात शिरून त्याला इथून हुकूम सोडायचे, यासाठी जगभर जी व्यवस्था वापरतात तिचं नाव एसएसएच. सिक्युअर शेल याचं हे लघुरूप. पूर्वी याच कामासाठी टेलनेट नावाची व्यवस्था होती. तिच्यात एक मोठी खोट होती. तुम्ही टाइप केलेला परवलीचा शब्द तारेतून जसाच्या तसा, उघडा जायचा. मधे कुणी कान लावून बसलं की त्याला तो आयता मिळायचा. तुमच्या आजोबांना जनावरांच्या बाजारातली गोष्ट विचारा. बैलाचा सौदा ठरताना दलाल उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी, पण भाव कळायचा दोघांनाच. टेलनेट म्हणजे तोच भाव बाजारात ओरडून सांगणं!

१९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात असंच कुणीतरी कान लावून बसलं आणि त्याने लोकांचे परवलीचे शब्द पळवले. तिथे ताटू युलोनेन नावाचे संशोधक होते. त्यांनी बसून यावर उपाय लिहून काढला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो सगळ्यांना देऊन टाकला. तोच एसएसएच. संगणकाच्या दारांना क्रमांक असतात. फाइली पाठवण्याच्या जुन्या व्यवस्थेचं दार २१, टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं. युलोनेन यांनी ते रीतसर अर्ज करून मागून घेतलं. आजही एसएसएचचं दार २२ नंबरचंच आहे.

म्हणजे उपरणं मिळालं. पण उपरण्याखाली हात घालणारा माणूस खरा कोण, हे कसं कळायचं? किल्ली लागते ती इथे.

यासाठी मी तुम्हाला साताऱ्याला नेते. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. मराठेशाहीत राजाज्ञेच्या कागदावर शिक्का उमटवत. वर मुद्रा असायची, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मोर्तबाची लहान मुद्रा म्हणजे 'इथे मजकूर संपला' अशी खूण, म्हणजे खाली कुणी लबाडीने दोन ओळी वाढवायला नकोत. (शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथला.) आता नीट विचार करा. शिक्क्याचा ठसा किती जणांनी पाहिलेला असायचा? शेकडो कागदांवर तो उमटलेला. गावच्या पाटलापासून किल्लेदारापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. पण तो उमटवणारा धातूचा शिक्का मात्र एकाच ठिकाणी, जपून ठेवलेला. ठसा ओळखता सगळ्यांना येतो, उमटवता एकालाच येतो.

एसएसएचच्या किल्लीचंही असंच असतं. 'एसएसएच-कीजेन' हा हुकूम दिला की संगणक एक नाही, दोन फाइली तयार करतो. एक खासगी किल्ली, म्हणजे धातूचा शिक्का. दुसरी जाहीर किल्ली, म्हणजे ओळखीचा ठसा. जाहीर किल्ली दूरच्या संगणकाला देऊन ठेवायची. मग तुम्ही दाराशी आलात की दोन्ही संगणकांच्या बोलण्यातून एक नवा कोरा मजकूर तयार होतो, पूर्वी कधीच न वापरलेला. तुमचा संगणक त्यावर आपला शिक्का उमटवतो, समोरचा तो ठशाशी ताडून बघतो. जुळलं, दार उघडलं. मजकूर दर वेळी नवा, त्यामुळे कालचा ठसा चोरून आज उपयोग नाही. आणि मुख्य म्हणजे या सगळ्यात शिक्का स्वतःच्या जागेवरून हलतच नाही.

माझ्या उदाहरणात एक उणीव आहे, ती हुशार मुलांच्या लक्षात आलीच असेल. ठसा बघून हुबेहूब शिक्का कोरणारा लबाड कारागीर मिळू शकतो! या किल्ल्यांमध्ये तसं करता येत नाही, कारण दोघींचं नातं गणिताने बांधलेलं आहे. जायची वाट सोपी, परतीची वाट इतकी लांब की जगातले संगणक एकत्र करूनही आयुष्य पुरायचं नाही. ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन या त्रिकुटाने ती मोठमोठ्या मूळ संख्या वापरून प्रत्यक्षात आणली. गंमत म्हणजे इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यातल्या मंडळींना हे त्याआधीच सुचलं होतं, पण काम गुप्त! बिचाऱ्यांना १९९७ पर्यंत कुणाला सांगताच आलं नाही. मूळ संख्यांचा काय उपयोग, असं विचारणाऱ्या सातवीच्या मुलांना मी हीच गोष्ट सांगते.

आता पत्राकडे येऊ. तिने तीन अडचणी क्रमांक घालून विचारल्यात. पण मला खरी काळजी वाटली ती तिसऱ्या पानावर तिने सहज लिहिलेल्या ओळीची. "दादालाही आत जाता यावं म्हणून मी माझी किल्ली आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली."

अगं! कुठली किल्ली टाकलीस?

फोटोवरून दिसतंय की तिने खासगी किल्लीच टाकली. हे का झालं असेल तेही कळतं. दोन्ही फाइलींचं नाव एकच असतं. फक्त जाहीर किल्लीच्या शेवटी टिंब आणि पी-यू-बी ही अक्षरं असतात. विंडोज नेमकी नावाच्या शेवटची अक्षरं लपवतं. म्हणजे दोन जुळी भावंडं शेजारी उभी, आणि ओळखायची कशी? त्यात काही संगणकांवर पी-यू-बी म्हटलं की विंडोजला वाटतं ही पब्लिशर नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमची फाइल. म्हणून मुलं तिला परकी समजून बाजूला ठेवतात आणि दुसरी उचलतात. एक सोपी ओळख सांगते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. खासगी किल्लीच्या माथ्यावर 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' अशी ओळ असते आणि खाली अक्षरांचा ढीग असतो. जाहीर किल्ली म्हणजे एकच ओळ. ती किल्लीच्या प्रकाराच्या नावाने सुरू होते आणि पुढच्या मजकुराची पहिली चार अक्षरं कायम ए, ए, ए, ए. प्रायव्हेट हा शब्द दिसला की हात मागे!

आता घरच्या ग्रुपवर काका, मावश्या, आत्याच आहेत, त्यात काय बिघडलं, असं आई-बाबांना वाटेल. ग्रुपवरची फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते. फोन दुरुस्तीला जातो, विकला जातो, लहान भाऊ त्यावर खेळ खेळतो. 'सगळ्यांसाठी पुसा' हे बटण दाबलं, तरी कुणी आधीच उतरवून घेतलेली प्रत पुसली जात नाही. आणि ज्याच्या हाती ती फाइल आहे, त्याला त्या यंत्रापुरतं 'मी म्हणजे तीच' असं म्हणता येतं. पळी कलंडली नसताना शंभर मिलिमीटर पाऊस लिहून ठेवता येतो. किंवा याहून वाईट, धो धो पडत असताना शून्य! तुम्ही स्वतः बँकेचा ओटीपी ग्रुपवर टाकाल का? आणि ओटीपी निदान काही मिनिटांत शिळा होतो, किल्ली आपणहून शिळी होत नाही.

म्हणून बाळ, आधी हे कर, पावसाचं नंतर बघू. ती किल्ली बाद करायची. पण घाईने नको, नाहीतर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडल्यासारखं होईल. आत जायची एकच वाट असताना ती बुजवली तर शिडी लावून गच्चीवर चढावं लागेल! क्रम असा. प्रथम घरच्या संगणकावर नवीन नावाने नवी जोडी तयार कर. किल्लीला वेगळा परवलीचा शब्द लावायचा का, असं संगणक विचारतो, तिथे नुसतं एंटर मारून पुढे जाऊ नकोस, शब्द लाव. म्हणजे उद्या फाइल चोरीला गेली तरी चोराला लगेच वापरता यायची नाही. मग जुन्या किल्लीने आत जा. तिथे तुझ्या घरकप्प्यात, नावाआधी टिंब असलेल्या 'एसएसएच' कप्प्यात, 'ऑथराइज्ड कीज' नावाची फाइल आहे. पाहुण्यांची यादीच समज. एका ओळीत एक पाहुणा. त्यात खाली नव्या जाहीर किल्लीची ओळ घाल. आता ही खिडकी बंद न करता दुसरी खिडकी उघड आणि नव्या किल्लीने आत जाता येतंय ना, ते पाहा. आलं? मगच यादीतली जुनी ओळ पुसून टाक. आणि तुझ्या ओळखीची नाही अशी एखादी ओळ यादीत दिसली, तर विज्ञानाच्या सरांना दाखव. कुणी आत येऊन स्वतःचं नाव घालून गेलंय का, ते कळेल.

मग दादाचं काय? दादाने पाटणला स्वतःची जोडी तयार करायची आणि तुला फक्त जाहीर किल्ली पाठवायची. ती खुशाल ग्रुपवर टाका, गावच्या फळ्यावर लिहा, काही बिघडत नाही. तू ती यादीत घाल, झालं. एका कुलपाला कितीही किल्ल्या चालतात. लोखंडी कुलपापेक्षा हे बरं! आणि दोघांची खाती वेगळी काढायला सरांना सांगितलंत तर आणखी उत्तम, म्हणजे कुणी काय केलं ते वेगवेगळं दिसेल.

आता तिची पहिली अडचण. घरच्या विंडोजवर किल्ली चालते. तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून शाळेच्या संगणककक्षात नेली, तिथे उबुंटू आहे, म्हणजे लिनक्स. तिथे पडद्यावर चौकटीत मोठ्या अक्षरांत ओरडा झाला की ही खासगी किल्ली असुरक्षित आहे, मी तिच्याकडे दुर्लक्ष करणार. आणि खाली 'परमिशन डिनाइड'. "बाई, किल्ली तीच, कुलूप तेच, मग संगणक बदलला की रुसतं का?"

रुसत नाही, तुझी काळजी करतं. लिनक्सच्या संगणकावर एकाच वेळी अनेक जणांची खाती असतात. म्हणून तिथे प्रत्येक फाइलीला तीन प्रकारच्या लोकांसाठी परवाने असतात. पहिला मालक, दुसरा मालकाचा गट, तिसरे बाकी सगळे. प्रत्येकाला तीन गोष्टींचा परवाना देता येतो. वाचण्याचे गुण ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. यांची बेरीज करायची. वाचणं आणि लिहिणं दोन्ही दिलं तर ४ + २ = ६. काहीच दिलं नाही तर ०. म्हणजे ६०० चा अर्थ काय? मालकाला ६, गटाला ०, बाकीच्यांना ०. आणि ६४४? मालक वाचेल-लिहील, बाकी सगळे फक्त वाचतील. ४, २, १ हेच आकडे का घेतले असतील, ओळखा पाहू! १, २, ३ घेऊन बघा. ३ आला की तो एकटा ३ आहे की १ + २ आहे, कळणार कसं? ४, २, १ मध्ये कुठल्याही बेरजेचा एकच अर्थ निघतो. आपल्या वर्गात आम्ही हे खडूच्या रंगांनी खेळतो. ७५० म्हणजे काय ते आई-बाबांना विचारा, नाही आलं तर तुम्ही सांगा.

तर खासगी किल्ली ६०० हवी. गट किंवा बाकीच्यांना ती वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायचीच नाकारतं. आणि पेनड्राइव्हवर ती ६०० होऊच शकत नाही! कारण बहुतेक पेनड्राइव्हवर फाइली मांडायची जी पद्धत असते ती एकट्याच्या संगणकांसाठी निघालेल्या जुन्या फॅट पद्धतीच्या घराण्यातली. मालक, गट हे शब्दच तिच्या कोशात नाहीत. लिनक्स विचारतं, ही फाइल कुणाची? पेनड्राइव्ह म्हणतो, सगळ्यांची. म्हणून तिथे 'सी-एच-मॉड ६००' हा परवाना बदलायचा हुकूम दिला तरी परवाना होता तसाच राहतो. मुलं शंभरदा देतात आणि वैतागतात. फाइल संगणकावरच्या आपल्या एसएसएच कप्प्यात आणून मग हुकूम दिला की चालतो.

पण हा झाला पुस्तकी उपाय. माझं मत विचाराल तर किल्ली पेनड्राइव्हवर नेऊच नये. शाळेच्या संगणकावर तिसरी जोडी तयार करावी आणि यादीत तिसरी ओळ घालावी. पेनड्राइव्ह हरवण्यासाठीच जन्माला येतात. शिवाय विंडोजमधून लिनक्समध्ये फाइल नेताना आणखी एक भूत मागे लागतं. जुना टाइपरायटर पाहिलाय का? ओळ संपली की गाडा मागे सरकवायचा, आणि कागद एक ओळ वर फिरवायचा. दोन कामं. विंडोजने ती दोन्ही जपली. त्याच्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या खुणा असतात, लिनक्सच्या फाइलीत एकच. साध्या निबंधाला याने फरक पडत नाही. पण किल्ली नोटपॅडमध्ये उघडून साठवली आणि त्या जादा खुणा आत गेल्या, की कधीकधी लिनक्स म्हणतं, ही किल्लीच नव्हे. डोळ्यांना दोन्ही फाइली अगदी सारख्या दिसतात! आणि नोटपॅड साठवताना नावाला टी-एक्स-टी ही शेपटी जोडतो ते निराळंच.

यादीच्या बाजूलाही हाच नियम आहे, हे बरेच जण विसरतात. पलूसच्या यंत्रावर एसएसएच कप्पा ७०० आणि यादीची फाइल ६०० असावी. तुमच्या घरकप्प्यातही दुसऱ्या कुणाला लिहिण्याचा परवाना नको. नाहीतर कुणीही यादीत स्वतःचं नाव घालेल, म्हणून यंत्र यादीच मानत नाही. आणि इथे ते कारणसुद्धा सांगत नाही. नुसतं 'परमिशन डिनाइड'. दारावरच्या अनोळखी माणसाला घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या, हे त्याचं धोरण! विंडोजवर हे आकडे नसतात. तिथे फाइलीवर उजवी कळ दाबून, प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी पानावर जाऊन, वरच्या कप्प्याकडून वारशाने आलेले परवाने बंद करायचे आणि फक्त स्वतःचं नाव ठेवायचं. मॅक वापरणाऱ्यांनी लिनक्सचेच आकडे वापरावेत.

दुसरी अडचण दादाची. त्याच्याकडे विंडोजवर पुटी नावाचा प्रोग्रॅम आहे. सायमन टॅथम या इंग्रज गृहस्थांनी लिहून फुकट दिलेला, छोटा आणि गुणी. २०१८ पासून विंडोजमध्येच एसएसएच मिळायला लागलं, पण तोवर लाखो लोकांचं काम पुटीवरच चालायचं. त्याची किल्लीची फाइल मात्र वेगळ्या घाटाची असते. शेवटी पी-पी-के. ती लिनक्सला दिली तर उमजत नाही. पुटीजेन नावाचा जोडीदार प्रोग्रॅम ती बदलून देतो. दादाची गफलत मात्र निराळीच आहे. त्याने 'सेव्ह पब्लिक की' हे बटण दाबून आलेली फाइल पाठवली. बटणाचं नाव अगदी बरोबर वाटतं, पण त्यातून निघते ती चार-पाच ओळींची, दुसऱ्या वळणाची फाइल. यादीला हवी एकच सलग ओळ. ती पुटीजेनच्या खिडकीत वरच्या चौकटीत दिसते. तिथून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उचलायची. चौकट लहान आहे, म्हणून खाली सरकून शेवट आलाय का ते बघ रे.

आणि एवढं करूनही दादाला पाटणहून आत जाता यायचं नाही. पाहा, एसएसएच नाही म्हणतं ते नेहमी एकाच कारणाने नाही, आणि ते कुठल्या शब्दांत नाही म्हणतं ते वाचलं की निम्मं काम झालं. सांगलीत कुणाचं घर शोधायला निघालात असं समजा. 'होस्टचं नाव सापडत नाही' म्हणजे त्या नावाची गल्लीच कुणाला ठाऊक नाही, नाव तपासा. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे दार ठोठावून हात दुखले, आतून हूं नाही की चूं नाही. यंत्र बंद असेल, किंवा तुम्ही भलत्याच वाड्यात उभे असाल. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे घर सापडलं, पण २२ नंबरच्या दारावर कुणी बसलेलंच नाही, एसएसएच सुरू करायचं राहिलंय. रास्पबेरी पायवर ते २०१६ च्या अखेरीपासून मुद्दामच बंद ठेवून देतात. कारण पूर्वी प्रत्येक यंत्राचं वापरनाव आणि परवलीचा शब्द एकच असायचा, लोक तो बदलायचेच नाहीत. आणि 'परमिशन डिनाइड' म्हणजे दारापर्यंत पोचलात, किल्ली लागली नाही.

दादाच्या फोटोत 'टाइम्ड आउट' दिसतंय. म्हणजे भांडण किल्लीचं नाहीच, तो उगाच रोज नव्या किल्ल्या बनवतोय! त्याने जो पत्ता घातलाय तो १९२.१६८ ने सुरू होतो. हा पत्ता म्हणजे वाड्यातल्या खोलीचा नंबर. 'खोली नंबर पाच' हा निरोप त्याच वाड्यात उपयोगी. पाटणच्या वाड्यात विचारलं तर तिथल्याच पाच नंबरकडे बोट दाखवतील, नाहीतर कुणीच ओ देणार नाही. दोन गावांतली यंत्रं एका खासगी जाळ्यात घेणारी व्हीपीएन नावाची सोय असते, ती सरांकडून लावून घ्या. शाळेच्या राउटरला भोक पाडून २२ नंबरचं दार सगळ्या जगाला उघडं करणारी युक्ती दादाने कुठेतरी वाचलीय. ती मला पसंत नाही. असं दार उघडलं की जगभरातली आपोआप फिरणारी यंत्रं त्यावर रात्रंदिवस किल्ल्या लावून पाहतात. आणि तरीही अडलंच, तर हुकुमात उणे चिन्ह आणि व्ही हे अक्षर जोडा. मग एसएसएच कुठपर्यंत पोचलं, कुठली फाइल उघडली, कुठे थांबलं ते पायरीपायरीने बोलून दाखवतं. लांबलचक असतं, पण शेवटच्या दहा ओळींत बहुधा उत्तर असतं.

तिसरी अडचण अगदी ताजी. मे महिन्यात यंत्राचं कार्ड खराब झालं, सरांनी नवीन घातलं. आता घरून जोडायला गेलं की पडदा भरून ॲट चिन्हांची चौकट येते आणि खाली इशारा, की समोरच्या यंत्राची ओळख बदललीय, कुणीतरी काहीतरी ओंगळ करत असण्याची शक्यता आहे. "मी घाबरून वायरच काढली," असं लिहिलंय!

घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. तू यंत्राला ओळख पटवतेस, तशी यंत्रानेही तुला पटवायची असते. त्याचीही स्वतःची जोडी असते. पहिल्या भेटीत तुझा संगणक यंत्राचा ठसा 'नोन होस्ट्स' नावाच्या वहीत टिपून ठेवतो आणि पुढे दर वेळी पडताळतो. कार्ड नवं, म्हणून जोडी नवी, म्हणून ठसा वेगळा. मार्च २०२३ मध्ये जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना असाच इशारा दिसला होता. गिटहब या मोठ्या संस्थेची खासगी आरएसए किल्ली चुकून थोडा वेळ सगळ्यांना दिसेल अशा जागी पडली. त्यांनी ती बाद करून नवी लावली, आणि लोकांच्या संगणकांनी आरडाओरडा केला. मोठ्यामोठ्यांचीही खासगी फाइल भलत्या ठिकाणी जाते, तेव्हा ग्रुपच्या प्रकाराबद्दल फार रडत बसू नकोस.

इशाऱ्याचं कारण आपल्याला माहीत आहे, तरी खात्री करायची. सरांना फोन कर. त्यांना यंत्रासमोर बसून 'एसएसएच-कीजेन' या हुकुमाने, एल आणि एफ जोडून, यंत्राच्या जाहीर किल्लीचा ठसा काढायला सांग. त्रेचाळीस अक्षरं येतील. तू घरी आपल्या वहीतली जुनी नोंद काढून टाक. त्यासाठी तोच हुकूम, पुढे मोठं आर आणि यंत्राचा पत्ता. मग पुन्हा जोडून बघ. संगणक नवा ठसा दाखवून विचारेल, याला ओळखतेस ना? सरांनी फोनवर एकेक अक्षर वाचायचं, तू पडद्यावर बोट ठेवून जुळवायचं. मोठं जी, लहान के, सात, लहान क्यू, असं सगळं. मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. सगळी जुळली की 'येस' असा पूर्ण शब्द टाइप कर. नुसता वाय टाकलास तर चालत नाही, ते पुन्हा विचारतं.